एसटीचे वेळापत्रक आणि उतारवयातली औषधे

"रक्तदाबाची गोळी रोज सकाळी घेता ना?" असे विचारले की बहुतेक आजी-आजोबा मान डोलावतात. पण "आज घेतलीत का?" असे विचारले, की उत्तर येते, "आज न्हाई घेतली, गाडीला यायचं हुतं नव्हं!" ज्या दिवशी डॉक्टरांकडे यायचे, नेमके त्याच दिवशी औषध चुकवायचे, हा प्रकार दुरून पाहणाऱ्याला गमतीचा वाटेल. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात अशा माणसाच्या कागदावर 'औषधे नियमित घेत नाही' असा शेरा पडतो आणि वर दोन खडे बोलही ऐकावे लागतात. खेड्यातून येणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत हा शेरा पुष्कळदा अन्यायाचा असतो. गोळीचे महत्त्व त्यांना चांगले कळते. पण त्यांच्या दिवसाचे घड्याळ एसटीच्या हाती असते, आणि औषधाची चिठ्ठी लिहिताना त्या घड्याळाकडे आम्ही डॉक्टर मंडळी क्वचितच पाहतो.

आपल्या सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात हे अधिक जाणवते. पाटण तालुक्यातली तारळे, मोरणा, ढेबेवाडी, कोयना ही खोरी घ्या. घरटी एक-दोन माणसे मुंबईला, कोणी माथाडी कामात, कोणी आणखी कशात. गावात म्हातारा-म्हातारी. मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात आणणारा तरुण घरात असतोच असे नाही आणि असला तरी सत्तरीच्या आजींना मागे बसवून घाटातून आणणे धोक्याचेच. कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला तर आधी लाँचने शिवसागर ओलांडून तापोळा किंवा बामणोलीचा काठ गाठायचा आणि मग पुढची गाडी पकडायची. २०११ च्या जनगणनेत राज्यातल्या दर दहा माणसांत सुमारे एक साठी ओलांडलेला होता, आणि खेड्यांतले हे प्रमाण शहरांहून जास्त होते. म्हणजे जिथे गाड्या कमी तिथेच म्हातारी माणसे अधिक.

पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर धावली. आज जे पंचाहत्तरीच्या पुढे आहेत त्यांचे अवघे आयुष्य या गाडीबरोबर गेले आहे. लग्नाचे वऱ्हाड, बाळंतपणाला माहेरी जाणे, जत्रा, कोर्टाच्या तारखा, सारे एसटीने. आता उरला तो मुख्यतः दवाखाना. या प्रवासात उतारवयातल्या शरीराचे काय होते आणि त्यावर काय करता येते, ते आज पाहू.

लघवीची गोळी आणि गाडीचा दिवस

हृदय कमजोर झालेल्या, पायांवर सूज येणाऱ्या रुग्णांना लघवी वाढवणारी गोळी दिलेली असते. लॅसिक्स हे त्यातले सर्वांना ठाऊक असलेले नाव. गोळी घेतल्यावर तासाभरात लघवीला सुरुवात होते आणि पाच-सहा तास हा त्रास चालतो. आता सकाळी सातची गाडी, दीड तासाचा रस्ता, मध्ये थांबा नाही. अशा वेळी कोणता शहाणा माणूस ती गोळी घेईल? तो घेत नाही. महिन्यातून एकदा चुकली तर फारसे बिघडत नाही. पण सोमवारी बाजार, बुधवारी बँकेत पेन्शन, शुक्रवारी भाचीचे लग्न असे आठवड्यात तीन प्रवास झाले की तीन गोळ्या बुडतात. मग रात्री आडवे झाले की दम लागतो, उशा वाढतात आणि माणूस थेट रुग्णालयात दाखल होतो.

यावरचा उपाय सोपा आहे, फक्त तो विचारायला हवा. या गोळीची वेळ बहुतेकांना बदलून देता येते. प्रवासाच्या दिवशी घरी परतल्यावर, दुपारी दोन-तीनच्या सुमारास घेतली तरी चालते. मात्र ती संध्याकाळी उशिरा घेऊ नये, कारण मग रात्रभर उठावे लागते आणि अंधारात पडवीतल्या पायरीवरून पडून खुबा मोडण्याची भीती असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांतही लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असते आणि त्याचा परिणाम दिवसभर रेंगाळतो. तुमची गोळी कोणती आणि तिची वेळ हलवता येते का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने बंद करू नका. आणि विचारताना गाडीची वेळ सांगायला लाजू नका. "मला सातच्या गाडीने यावे लागते" हे वाक्य आमच्या दृष्टीने तुमच्या छातीच्या पट्टीइतकेच महत्त्वाचे आहे.

पुरुषांत प्रोस्टेटची वाढ झालेली असेल तर गोष्ट उलटी होते. दोन तास लघवी दाबून धरल्यावर स्थानकावर उतरतात आणि मग प्रयत्न करूनही होत नाही. पोट फुगते, वेदना असह्य होतात. असे झाले तर ताबडतोब रुग्णालयात जाऊन नळीने लघवी काढावी लागते. यात घरगुती उपाय करत बसू नये.

न प्यालेले पाणी

बायकांचा उपाय वेगळा आहे. प्रवासाच्या दिवशी पाणीच प्यायचे नाही. पहाटे पाचला उठल्यापासून घोटभर चहा सोडला तर दुपारी दोनपर्यंत पोटात थेंब नाही. कारण उघड आहे. फाट्यावर आडोसा नसतो आणि काही स्थानकांवरच्या स्वच्छतागृहात नाक धरूनही जाता येत नाही. याबद्दल त्या आजींना दोष देण्यात अर्थ नाही. तो दोष ज्यांच्याकडे स्वच्छतेचे काम आहे त्यांचा.

तरीही शरीर आपला हिशेब ठेवते. तहान लागण्याची जाणीव वयाबरोबर मंदावते. त्यात चैत्र-वैशाखाचे ऊन, पत्र्याची तापलेली गाडी आणि रक्तदाबाची गोळी, म्हणजे रक्तातले पाणी कमी होऊन दाब घसरतो. गाडीतून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळे. वारंवार लघवीला जळजळ होणे, मलावरोध, मूत्रपिंडावर ताण हीही याच सवयीची फळे. अगदी पाणी न पिण्याऐवजी निघण्याआधी दीड-दोन तास दोन पेले पाणी प्यावे, घरून निघताना लघवी करून घ्यावी, मग गाडीत घोट-घोट पाणी घ्यावे. दवाखान्यात पोचल्यावर तिथले स्वच्छतागृह नि:संकोच वापरावे. लघवी तुंबलेली असताना रक्तदाब मोजला तर तो जास्त दिसतो, तेव्हा आधी तिकडे जाऊन येणे हा तपासणीचाच भाग समजा.

रक्तदाबाबद्दल आणखी एक. गाडी चुकेल म्हणून धावत आलेल्या, पिशवी घेऊन दवाखान्याचा जिना चढलेल्या माणसाचा दाब आल्या-आल्या मोजू नये. निदान पाच मिनिटे पाठ टेकून बसू द्यावे. आणि वृद्धांचा दाब एकदा बसवून व एकदा उभे करून पाहावा. उभे राहिल्यावर तो बराच घसरत असेल तर गोळी वाढवण्यापूर्वी दहादा विचार करावा लागतो.

उपाशीपोटी तपासणी

मधुमेहाच्या रुग्णांचे तर या वेळापत्रकामुळे खरोखर हाल होतात. "उद्या काही न खाता या" असे सांगितले जाते. माणूस रात्री आठला जेवलेला असतो. गाडी उशिरा येते, रांग असते, रक्त द्यायला साडेअकरा वाजतात. त्यातच काही जण सवयीने साखरेची गोळी सकाळीच घेऊन निघालेले असतात. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लेमाइड या जातीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामे राहिले, की साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. दरदरून घाम, हातापायांना कंप, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे. गाडीत असे झाले तर शेजाऱ्यांना वाटते की गाडी लागली किंवा म्हातारा प्यायला आहे.

हे टाळता येते. उपाशीपोटी रक्त द्यायचे असेल त्या सकाळी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचे की नाही, घ्यायचे तर कधी, हे आदल्या भेटीतच विचारून ठेवावे. गोळी आणि न्याहारी यांची जोडी तोडू नये. खिशात किंवा कनवटीला साखरेची पुडी ठेवावी. त्रास सुरू झाला की तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी आणि मग भाकरी, बिस्किटे असे काही खावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. कंडक्टरला सांगून गाडी थांबवावी आणि १०८ ला फोन करावा.

तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, जिला एचबीएवनसी म्हणतात, तिला उपाशी असण्याची गरज नसते. कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या तपासणीसाठीही बहुतेक वेळा उपाशी राहावे लागत नाही. तेव्हा दूरवरून येणाऱ्यांनी "हे जेवून आल्यावर करता येईल का?" असे विचारायला हरकत नाही. विचारल्यामुळे कोणी रागावला तर रागावू द्या.

पायरी, दांडा आणि मागचा बाक

एसटीची पहिली पायरी घरातल्या पायरीपेक्षा बरीच उंच असते. गुडघे झिजलेल्या माणसाला ती चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, आणि नेमक्या त्याच वेळी एका हातात पिशवी व दुसऱ्यात काठी असते. पिशवी आधी कोणाकडे तरी द्यावी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा त्रास वाचतो. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय जागेवरून उठू नये. आपला थांबा जवळ आला की बसल्या जागी पावले वर-खाली पंधरा-वीस वेळा हलवावीत, मग दांडा धरून उभे राहावे, दहापर्यंत आकडे मोजावेत आणि चालू लागावे. कंडक्टरने घाई केली तर त्याला शांतपणे सांगावे, "मास्तर, जरा दमानं." बहुतेक जण समजून घेतात. माझा अनुभव असा, की ठरावीक मार्गावरच्या कंडक्टरला गावातल्या आजारी माणसांची आमच्याहून जास्त माहिती असते.

मागच्या बाकाबद्दल मात्र कळकळीने सांगतो. मागच्या चाकाच्या वर आणि त्यामागे बसलेला माणूस खड्ड्यात किंवा गतिरोधकावर जागेवरून उडतो आणि आदळतो. तरुणाला त्याचे काही वाटत नाही. पण पासष्टीपुढच्या, हाडे विरळ झालेल्या बाईच्या पाठीचा मणका अशा एका आपटण्याने दबू शकतो. एका आजींना गतिरोधकावर असा दणका बसला. पाठीत उसण भरली म्हणून तीन आठवडे तेल चोळणे चालू होते. एक्स-रे काढला तेव्हा मणका पाचरीसारखा चेपलेला निघाला. प्रवासात दणका बसून पाठीत एकदम कळ आली आणि ती दोन-तीन दिवसांत कमी झाली नाही, तर तेल-मालीश थांबवून एक्स-रे काढावा. ज्येष्ठांसाठी राखीव आसने गाडीत असतात. तिथे एखादा तरुण मोबाइलमध्ये डोके घालून बसला असेल तर त्याला उठवायला संकोच करू नका. राखीव जागा मिळाली नाही तरी गाडीच्या पुढच्या-मधल्या भागात बसावे.

वडापच्या जीपमध्ये मागे दाटीने बसून किंवा पायरीवर लोंबकळत येणाऱ्या आजोबांना मी दर आठवड्याला पाहतो. त्यांना रागावून उपयोग नाही. गाडी नसली की माणूस मिळेल त्यात बसतो. निदान ड्रायव्हरने वृद्धांना मधल्या बाकावर बसवावे, एवढी अपेक्षा आहे.

शून्याचे तिकीट

२६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांनाही अर्धे तिकीट झाले. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावे. डायलिसिस, कॅन्सर, क्षयरोग, सिकलसेल, हिमोफिलिया अशा काही आजारांच्या रुग्णांनाही सवलती आहेत. त्यांचे कागद कोणते लागतात ते आगारात विचारून घ्यावे.

या सवलतीचा औषधी गुण मी डोळ्यांनी पाहिला आहे. भाड्याचे पैसे सुनेकडे मागावे लागत नाहीत म्हटल्यावर महिन्याची तपासणी चुकवणाऱ्या आजी वेळेवर येऊ लागल्या. त्याच गाडीने बहिणीच्या गावाला जाऊन दोन दिवस राहूनही आल्या, आणि त्यांची झोपेची गोळी आपोआप सुटली. घरात एकटे बसून राहण्याने येणारी उदासी हा म्हातारपणाचा मोठा आजार आहे, त्याच्यावर माझ्या कपाटातल्या कोणत्याही गोळीपेक्षा बहिणीच्या घरची चूल अधिक चालते.

पण सवलत गाडीवर अवलंबून. फाट्यावर गाडीच येत नसेल तर फुकट तिकीट काय कामाचे? आधी २०२० च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या. मग ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या महिन्यांत गोळ्या संपून बसलेले किती रुग्ण पुढे सुजलेले, दमलेले आले ते आम्हा तालुक्याच्या डॉक्टरांना विचारा. गावातली मुक्कामी गाडी बंद झाली की सकाळचा दवाखाना बंद होतो. दुपारची परतीची गाडी बंद झाली की रुग्ण तपासणी अर्धी टाकून उठतो.

इथे एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. मोफत प्रवाशालाही कंडक्टरने शून्य रकमेचे तिकीट द्यायचे असते. ते आठवणीने मागून घ्यावे. त्या तिकिटावरूनच प्रवासी मोजला जातो आणि सरकारकडून महामंडळाला त्याची रक्कम मिळते. तिकीट न घेता बसलेल्या दहा म्हाताऱ्यांची गाडी कागदावर रिकामी दिसते, आणि रिकामी दिसणारी गाडी भारमान कमी म्हणून बंद पडते.

जिथे गाडीची वाट पाहू नये

छातीत दाबल्यासारखी कळ, घाम आणि दम. एका बाजूचा हात-पाय एकाएकी लुळा पडणे. तोंड वाकडे होणे किंवा बोबडी वळणे. या तीन गोष्टींत सकाळच्या गाडीची वाट पाहू नये. "रात्री कुणाला त्रास द्यायचा, उजाडल्यावर जाऊ" हा आपल्या वृद्धांचा स्वभावच आहे. पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. रात्री अकराला हात लुळा पडला आणि माणूस सकाळी सातच्या गाडीने निघाला, तर ती संधी गेलेली असते. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. डोंगरातल्या वाडीला ती पोचायला वेळ लागतो, म्हणून फोन लवकर करावा आणि रुग्णाला शक्य असेल तर खाली डांबरी रस्त्यापर्यंत झोळीतून किंवा खुर्चीतून आणावे, चालवत आणू नये.

उलट प्रत्येक गोळीसाठी तालुक्याला येण्याचीही गरज नाही. डोंगरी भागात सरकारी निकषाप्रमाणे तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे रक्तदाब, साखर तपासून नेहमीच्या गोळ्या मोफत देण्याची सोय आहे. आशाताईंना विचारले तर तिथे कोण कधी असते ते कळते. आमच्याकडे वर्षातून ठरावीक वेळा यावे, मधले महिने उपकेंद्रातून गोळ्या घ्याव्यात. तिथली नोंदीची वही मात्र येताना बरोबर आणावी. खाजगी डॉक्टरांना यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

मुंबईतल्या मुलांना एक काम सांगतो. आई-वडिलांना फोनवर "गोळ्या घेता ना?" असे विचारण्यापेक्षा "गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात आणि गाडी कधी आहे?" असे विचारा. दहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढची सोय लावायची.

गावासाठी गाडी सुरू करायची किंवा तिची वेळ बदलायची असेल तर ग्रामसभेचा ठराव करून आगार व्यवस्थापकांकडे अर्ज द्यावा. 'गाडी सुरू करावी ही विनंती' एवढेच लिहिलेले अर्ज फायलीत पडून राहतात. त्याऐवजी गावात पासष्टीपुढची माणसे किती, त्यांपैकी रक्तदाब, मधुमेह, हृदयविकाराची औषधे चालू असलेली किती, रुग्णालयात तपासणीचा वार कोणता, बाह्यरुग्ण विभाग किती वाजता बंद होतो आणि परतीला किती वाजता गाडी हवी, हे आकड्यांनिशी लिहावे. आकडे आशाताईंच्या नोंदीत असतात. शेजारच्या दोन-तीन वाड्यांनी एकत्र अर्ज केला तर भारमानाचा प्रश्न सुटायला मदत होते. बाह्यरुग्ण विभाग साडेबाराला संपत असेल आणि परतीची गाडी बाराला सुटत असेल, तर नवी गाडी मागण्याऐवजी तीच गाडी एक तास पुढे ढकलण्याची मागणी लवकर मान्य होण्याजोगी असते. पावसाळ्यात दरड पडली किंवा पूल पाण्याखाली गेला तर गाडी कोणत्या फाट्यापर्यंत येईल, हेही त्याच अर्जात विचारून ठेवावे, म्हणजे जूनच्या आत दोन महिन्यांच्या गोळ्या घरात आणून ठेवायच्या की नाही ते ठरवता येईल.